पूर्णविरामानंतर एक स्पेस की दोन?

मी इंग्रजी मजकुराचं संपादन करते हे कळलं की हा प्रश्न हमखास येतो. पाठोपाठ दुसरा: यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम हवा की नको? तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

स्पेस एकच द्या. पण दोन देणाऱ्यांना अडाणी ठरवू नका. ही सवय टाइपरायटरने लावली असं सर्रास सांगतात, ते अर्धंच खरं आहे. एकोणिसाव्या शतकात छापलेली इंग्रजी पुस्तकं बघा, वाक्य संपल्यावर चांगली रुंद मोकळी जागा दिसते. खिळे जुळवणारे तिथे मुद्दाम जाड स्पेस बसवत. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळते, म्हणून तीच रुंदी स्पेसबार दोनदा दाबून आणली गेली. पुढे छापखान्यांनी ती फट कमी केली, टंकलेखन शिकवणाऱ्यांनी मात्र केली नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या शैलीपुस्तिकेने, म्हणजे लेखनाच्या नियमांच्या पुस्तकाने, तर २००९ साली मसुद्यासाठी दोन स्पेस सुचवल्या होत्या. २०१९ च्या आवृत्तीत ती एकावर आली आणि २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट वर्ड दोन स्पेसना चूक म्हणून खूण करू लागलं. या वादात मी कधी आवाज चढवत नाही, कारण जास्तीच्या स्पेसमुळे वाक्याचा अर्थ फिरत नाही.

स्वल्पविरामाने फिरतो. अमेरिकेतल्या मेन राज्यात काही कामांना जादा वेळेचा वाढीव पगार लागू नव्हता. कायद्यातल्या त्या कामांच्या यादीचा शेवट असा होता: 'स्टोअरिंग, पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नाही. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, यात सूट आहे ती पॅकिंगला, मग ते पॅकिंग पाठवणीसाठी असो की वितरणासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, माल पोचवतो, तेव्हा आमचे पैसे द्या. कंपनीच्या मते वितरण हे यादीतलं स्वतंत्र काम होतं. तिची बाजू पोकळ नव्हती, कारण राज्याच्या कायदे लिहिण्याच्या पुस्तिकेतच हा स्वल्पविराम टाळा असं म्हटलं होतं. पण यादी नीट वाचा. बाकीची सगळी कामं 'इंग'ने संपतात, 'डिस्ट्रिब्युशन' तेवढं संपत नाही. ते 'शिपमेंट'च्या जोडीला जाऊन बसतं. मला ड्रायव्हरांचं हे वाचन फार पटतं. २०१७ साली अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून त्यांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळाने मग त्या यादीत स्वल्पविरामांच्या जागी अर्धविराम घातले आणि 'डिस्ट्रिब्युशन'चं 'डिस्ट्रिब्युटिंग' केलं.

अवतरणचिन्हांचा वाद मात्र निव्वळ प्रथेचा. अमेरिकेत पूर्णविराम आणि स्वल्पविराम अवतरणाच्या आतच टाकतात, मग ते मूळ उद्धृतात असोत वा नसोत. ब्रिटिश पद्धतीत सहसा अर्थ बघून ठरवतात. मला दुसरी पद्धत प्रामाणिक वाटते, तरी अमेरिकी प्रकाशकाचं काम असेल तर त्याच्याच पद्धतीने करते. लांब डॅशभोवती जागा सोडायची की नाही, हेही घरोघरी वेगळं. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था सोडते, शिकागो विद्यापीठाची शैलीपुस्तिका सोडत नाही. एका मजकुरात दोन्ही दिसले की मात्र मी थांबते. तो निष्काळजीपणा आहे आणि वाचकाला तो जाणवतो.

राहिला यादीतला स्वल्पविराम. शिकागो तो घालायला सांगते, ऑक्सफर्डच्या प्रकाशनसंस्थेचं तर नावच त्याला मिळालं आहे. असोसिएटेड प्रेस साध्या यादीत तो गाळते, पण अर्थ धूसर होत असेल तर घाला असं तीही सांगते. म्हणून शेवटची दोन कामं एकमेकांना चिकटून वाचली जाण्याची शक्यता दिसली की मी तो घालतेच, आणि लेखकाने तो काढून परत पाठवला तर त्याला फोन करून विचारते की ही कामं एक आहेत की दोन.