एका उन्हाळी शिबिराची चार करताना

शिबिर वाढवायचं म्हटलं की लोक आधी पैशांचं विचारतात, मग माणसांचं. दोन्ही मिळतात. मिळत नाही ती शाळेची खोली, आणि तीही ऐन सुट्टीत, जेव्हा ती कुलूप लावून रिकामीच पडलेली असते. खरं तर मुलांनी काय काय केलं ते लिहायला बसले होते. पण सरकारी कार्यालयातलं ते टेबल डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तेच लिहून मोकळी होते.

बेळगावच्या शहापुरात आमच्या महिला मंडळाचं उन्हाळी शिबिर बरीच वर्षं चालतंय. देवळाच्या सभागृहात, सकाळी साडेआठ ते साडेबारा. गाणी, गोष्टी, मातीकाम, लगोरी, लेझीम, आणि एक दिवस येळ्ळूरच्या राजहंसगडावर. मुलं आसपासच्या गल्ल्यांतलीच. मग वडगाव, खासबागकडच्या आया विचारायला लागल्या. तिकडे घरोघरी यंत्रमाग. सुट्टी लागली की बाप मागावर, आई कांड्या भरत बसलेली, आणि पोर त्या खडखडाटात मोबाइल घेऊन दारात. शहापूर तिथून लांब नाही, पण हातातलं काम टाकून रोज पोरांना सोडायला आणि परत आणायला कोण जाणार? म्हणून शिबिरच तिकडे न्यायचं ठरलं. वडगावात एक, अनगोळात एक, आणि कंग्राळीच्या बाजूला एक.

२०२४ लाच करणार होतो. पण त्या साली आमच्याकडे लोकसभेचं मतदान ७ मेला होतं. शाळा म्हणजे मतदान केंद्रं, शिक्षक निवडणुकीच्या ट्रेनिंगला. अशा साली शाळेची इमारत मागायला जाऊच नका. नुसता विषय काढला तरी समोरचा माणूस आचारसंहिता म्हणतो आणि त्यावर आपल्याला बोलता येत नाही. म्हणून यंदा.

पैसे उभे राहिले, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शिकवायला निवृत्त शिक्षिका आणि कॉलेजच्या मुली मिळाल्या. तिन्ही सरकारी शाळांचे मुख्याध्यापक भले निघाले. सरकारी शाळेत एसडीएमसी, म्हणजे पालकांची शाळा समिती असते, तिच्या बैठकीत ठराव झाला, त्याची सही-शिक्क्याची प्रत हातात आली. फेब्रुवारीतच हे सगळं झालं होतं. मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "बाई, आमची काही हरकत नाही, फक्त वरून एक पत्र आणा."

ते वरचं, म्हणजे शिक्षण खात्याच्या कार्यालयाचं पत्र.

कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्याच एका बाईंमुळे शेवटी काम झालं. आम्ही एक व्यवस्थित अर्ज केला. कन्नडमध्ये, टाइप करून, तिन्ही शाळांची नावं, तारखा, वेळ, मुलांची अंदाजे संख्या, तिन्ही ठराव जोडलेले. टपालाच्या खिडकीत दिला, दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. (हे मात्र कधीही चुकवू नका. शिक्का नसलेली प्रत म्हणजे तुम्ही तिथे गेलाच नव्हता.) आता आठ-दहा दिवसांत पत्र येईल, या भरवशावर मी माती आणि रंग सांगूनही टाकले.

बरेच दिवस काही नाही. फोन केला तर, साहेब मीटिंगला गेल्यात. दहावीच्या परीक्षा सुरू, साहेब परीक्षेच्या ड्युटीवर. शेवटी प्रत्यक्ष गेले. टेबलावरच्या माणसानं कागद शोधून काढला, वाचला आणि शांतपणे म्हणाला, "अक्का, ह्यातली तिसरी शाळा आमच्याकडं येत न्हाई."

"मग पहिल्या दोनचं द्या की."

"एकाच पत्रात तीन हाईत. अर्ध्या पत्रावर सही कशी हुणार?"

आमची तिसरी शाळा कंग्राळीकडची. तिथपर्यंत सिटी बस जाते, घराला घर लागलंय, त्या भागाला आता कुणी गाव म्हणत नाही. पण महानगरपालिकेची हद्द आधीच संपते आणि पुढे ग्रामपंचायत सुरू होते. कागदोपत्री शहराच्या दोन शाळा एका कार्यालयाच्या, आणि ही तिसरी ग्रामीणच्या कार्यालयाची. ठीक आहे. हे फेब्रुवारीत खिडकीवर कागद घेतानाच कुणी बोललं असतं तर त्याच दिवशी अर्ज बदलून दिला असता. पण तो माणूस पुढे म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका, आम्ही फाइल पुढं पाठवलोय." तेव्हा मला बरं वाटलं होतं.

फाइल ग्रामीणला गेली. तिथं तिच्याकडे बघून म्हणाले, यातल्या दोन शाळा शहराच्या, मूळ पत्र शहराच्या नावावर आहे, आम्ही कसं उत्तर देणार? परत पाठवलं. मी शहराकडे गेले तर अजून आलं नव्हतं. ग्रामीणकडे गेले तर केव्हाच गेलं होतं. ही दोन कार्यालयं एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. "माझ्या हातात द्या, मी नेऊन देते," म्हटलं तर हातोहात देता येत नाही, टपालानंच जावं लागतं. मग अर्ज मागे घेऊन दोन वेगळे करते म्हटलं, तर मागे घ्यायचा म्हणजे त्याचाही अर्ज द्यायला हवा, आणि तो ज्या फाइलला लावायचा ती फाइल सध्या टेबलावर नाही.

सीमाभागात जन्म गेला आमचा. हे शहापूर एके काळी सांगली संस्थानात आणि रस्त्यापलीकडचं बेळगाव इंग्रजांकडे, अशा गोष्टी आजीकडून ऐकत मोठी झाले. हद्द या विषयावर आम्हाला कुणी काही शिकवावं असं वाटत नव्हतं. पण कंग्राळीच्या अलीकडे कुठेतरी अशीही एक हद्द आहे, जिच्यावर पोरांच्या मातीकामाचा कागद महिनाभर हेलकावे खातो, हे नवीनच कळलं.

बाकावर बसून माणूस बरंच काही शिकतो. उदाहरणार्थ, सकाळी अकराच्या आधी आणि दुपारी साडेतीननंतर जाण्यात अर्थ नाही. नकार कुणीच देत नाही, हेही तिथंच शिकले. नकार मिळाला असता तर भांडता तरी आलं असतं. इथे प्रत्येक जण चांगला, प्रत्येक जण "चांगलं काम करायला लागलाय बाई" म्हणणारा, आणि सही मात्र दुसऱ्याची. आमच्या मंडळातल्या एका काकांनी माहितीचा अधिकार टाका म्हणून धोशा लावला. टाकायला हरकत नव्हती. कर्नाटकात त्या अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, तेवढं मला लिहिता आलं असतं. पण उत्तराला तीस दिवस. तोवर मे उजाडला असता. काकांना अजून वाटतं की मी घाबरले. वाटू दे.

सुटलं ते असं. दहा एप्रिलला शाळांना सुट्टी लागणार, त्याआधीच्या आठवड्यातली गोष्ट. मी टपालाच्या खिडकीशी उभी होते, चेहरा बहुतेक रडवेला झाला असावा. आतल्या बाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, तो कागद आता सोडून द्या. तो फिरतच राहणार. तीन शाळांचे तीन अर्ज करा. शहराचे दोन इथं, एक तिकडं. आणि संदर्भ म्हणून आधीच्या अर्जाचा नंबर अजिबात लिहू नका. लिहिलात तर आधी ती फाइल शोधणार, मग ह्याला हात लावणार."

या एका वाक्यासाठी मी त्या बाईंना जन्मभर कुंदा खिलवायला तयार आहे. आपल्याला लहानपणापासून सवय, विषय लिहायचा, खाली संदर्भ लिहायचा. तो संदर्भच घात करतो. त्याच रात्री तीन अर्ज केले, प्रत्येकाला त्या-त्या शाळेचाच ठराव आणि त्या-त्या मुख्याध्यापकाचं संमतीपत्र. दुसऱ्या दिवशी दिले. सुट्टी लागायच्या आत तिन्ही पत्रं हातात. कुणीही एक प्रश्न विचारला नाही. कुणाचाच विरोध नव्हता, मग मधले आठवडे कशात गेले याचं उत्तर मला आजही कुणी देऊ शकणार नाही.

आणि तो पहिला अर्ज? जूनमध्ये, शाळा उघडून मुलं वर्गात बसल्यावर, पोस्टानं पत्र आलं: तुमच्या अर्जातील त्रुटींची पूर्तता करावी. ते मी जपून ठेवलंय.

परवानगीच्या पत्रात अटी असतात, त्या वाचा. आमच्याकडे ई-स्टॅम्प कागदावर हमीपत्र मागितलं: मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी मंडळाची, इमारतीचं नुकसान झालं तर भरपाई मंडळाची. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण सही कोण करणार हे आधी ठरवा. आमच्यात ऐनवेळी अध्यक्षबाई पुण्याला नातवाकडे गेलेल्या.

किल्लीचं सांगायचं राहिलं. मुख्याध्यापक सुट्टीत गावी जातात, शिपाई बऱ्याच शाळांत नसतोच. वर्गाची किल्ली एकाकडे आणि संडासाची दुसऱ्याकडे असू शकते. वडगावच्या शाळेत ती दुपारचं जेवण करणाऱ्या मावशींकडे निघाली, आणि पहिल्या दिवशी साठ पोरं अन् संडासाला कुलूप. त्या मावशींनाच आम्ही शिबिरात मानधनावर घेतलं. किल्लीही आली आणि पोरांचं दहाचं खाणंही त्यांनीच सांभाळलं. चिरमुऱ्याचा चिवडा, कधी गिरमीट, कधी पन्हं. पाण्याची टाकी मात्र आदल्या दिवशी स्वतः वर चढून बघा. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नसतो, टँकरवाल्याचा नंबर जवळ हवा.

तारखा. हे खरं तर सगळ्यात वर यायला हवं होतं. आपल्या घरात दिनदर्शिका महाराष्ट्राची असते, पाहुणे कोल्हापूर-सांगलीचे असतात, त्यामुळे उन्हाळी सुट्टी म्हणजे मे महिना हे डोक्यात बसलेलं असतं. आपल्याकडे कर्नाटकात सुट्टी एप्रिलच्या दहा-अकराला लागते आणि मेच्या शेवटी शाळा उघडतात. तिकडे उघडायला जूनचा मध्य येतो. म्हणजे तुम्ही मेच्या मध्यात शिबिर ठेवलंत तर निम्मी मुलं मामाच्या गावी आणि उरलेल्यांच्या आया वह्या-दप्तराच्या खरेदीत. सुट्टी लागल्यावर लगेचचा पंधरवडा धरा. १४ एप्रिलची सुट्टी सोडा.

आणि शिवजयंती बघा. बेळगावची शिवजयंती तिथीची, वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीयेला बसव जयंती. पुढे चित्ररथांची मिरवणूक. त्या चार-पाच दिवसांत लेझीम शिकवणारा पोरगा, सामान उचलणारे पोरगे, सगळे मंडळाच्या मांडवात. रागावून उपयोग नाही. आमचीच निम्मी मुलं सजीव देखाव्यात मावळे म्हणून उभी होती. शिबिर त्याआधी संपवा, किंवा मध्ये चक्क सुट्टी द्या.

दुपारनंतरचं काहीही मैदानावर ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चार वाजता आभाळ भरतं आणि वळीव येतो. अनगोळला समारोपाचा कार्यक्रम पाचला ठेवला होता, पालक खुर्च्या डोक्यावर धरून वर्गात पळाले. कार्यक्रम झाला, छान झाला, पण गर्दीत बाक मोडला आणि हमीपत्राप्रमाणे आम्ही तो दुरुस्त करून दिला.

भाषेबद्दल दोन्ही बाजूंनी सल्ले आले. मी सरळ तिन्ही केंद्रांवर एक मराठी आणि एक कन्नड बोलणारी ताई ठेवली. वडगावात विणकरांची मुलं दोन्ही बोलतात, लगोरी फोडताना कुणी कुठली भाषा वापरली हे बघायला वेळ नसतो. फॉर्म दोन्ही भाषांत छापले, त्याचा खर्च किरकोळ. फॉर्मवर मुलाला न्यायला कोण येणार त्याचं नाव आणि नंबर घ्या, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मूल देऊ नका, मग तो सख्खा काका असला तरी. प्रत्येक केंद्रावर दोन मोठ्या बायका कायम, एकटा पुरुष कधीच नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला होता. मुलांनी विचारलं हा कशाचा, तर सांगितलं.

कंग्राळीकडच्या केंद्राला सगळ्यात जास्त त्रास झाला, आणि सगळ्यात जास्त पोरंही तिथंच आली. तिथल्या ग्रामपंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटायला गेले तेव्हा मनाची पुरती तयारी करून गेले होते. त्यांनी पंचायतीच्या वाचनालयाची खोलीही देऊ केली. कर्नाटकात या वाचनालयांना आता अरिवु केंद्र म्हणतात आणि तिथं सुट्टीत मुलांची शिबिरं घ्यावीत असं सरकारचंच म्हणणं आहे. गावाकडे शिबिर करणार असाल तर शाळेच्या मागे लागण्याआधी पंचायतीत जाऊन या.

निपाणीची माझी मैत्रीण पुढच्या वर्षी तिकडे सुरू करायचं म्हणतेय. तिला तिन्ही अर्जांचे नमुने पाठवलेत, आधीच्या नंबराचा संदर्भ नसलेले. ती लगेच बेळगावला यायला निघाली होती. तिला थांबवलं. निपाणी जिल्ह्यानं बेळगावात असली तरी शिक्षण खात्याच्या हिशेबात चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात येते. तिचं वरचं पत्र चिक्कोडीच्या बाजूनं येणार.