पोडेस्टांचे मेल आणि सहीचा ताळा

आजचा दिवस जॉन पोडेस्टांच्या फुटलेल्या मेलमध्ये गेला. 2016 मध्ये ते हिलरी क्लिंटन यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराचे प्रमुख. 19 मार्चला त्यांना गूगलच्या नावाने 'पासवर्ड बदला' असा बनावट इशारा आला. तांत्रिक मदतनिसाने तो अस्सल ठरवला. उत्तरात गूगलची खरी लिंकही दिली होती, पण क्लिक झालं बनावट लिंकवर आणि मेल चोरांच्या हाती गेले! याची फार हळहळ वाटते.

7 ऑक्टोबरला गुप्त कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्सने हे मेल टाकायला सुरुवात केली आणि 'हे बदललेत' असा सूर निघाला. तपासता येतं की! स्क्रीनवरचा मजकूर नको, मूळ फाइल उतरवा. हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या वरच्या तांत्रिक माहितीत, डीकेआयएम सही असते; पाठवणाऱ्या सर्व्हरने लावलेली ती डिजिटल मोहर. पाठवणाऱ्या डोमेनची (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची) सार्वजनिक चावी डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीतून, घेऊन ताळा करा. सहीत घेतलेल्या मजकुरातला एक शब्द बदलला तरी ती जुळत नाही. तेव्हा सीएनएनवर भाष्यकार असलेल्या डॉना ब्राझील यांचा, सीएनएनचा प्रश्न क्लिंटन गटाला आधीच कळवणारा मेल असाच जुळला.

उलट, सही मोडली म्हणजे मेल खोटा असं नाही. ग्रुपमेलने तळाशी ओळ जोडली तरी ती मोडते. आणि सही जुळली तरी ती फक्त त्या एका मेलची हमी. खाली उद्धृत केलेला जुना मजकूर पाठवणाऱ्याने बदललेला असू शकतो. बातम्यांमध्ये नेमकं हेच सुटतं.