अक्षरे नष्ट

जुन्या पोथ्यांच्या जतनाचे काम करताना नोंदवहीत 'अक्षरे नष्ट' हा शेरा मी इतक्या वेळा लिहिला आहे की त्यात काही खटकण्यासारखे आहे, हे एका माळकरी आजोबांनी दाखवून देईपर्यंत माझ्या लक्षातही आले नव्हते.

घरातली ज्ञानेश्वरी ते लाल रुमालात बांधून घेऊन आले होते. हातकागदाची सुटी पत्रे, काजळीची शाई आणि कसरीने चाळण केलेला सहावा अध्याय. 'परि अमृतातेंही पैजां जिंके । ऐसीं' इथपर्यंत ओवी शाबूत होती आणि पुढे भोक पडले होते. गंमत अशी की लेखनिकाने चुकलेल्या मजकुरावर जिथे पिवळा हरताळ फासला होता, तेवढ्या पट्ट्या मात्र धड होत्या, कारण हरताळ विषारी असतो आणि कीड त्याच्या वाटेला जात नाही. खोडलेले टिकले होते, नेमकी 'अक्षरें' गेली होती.

"माउली, अक्षरं वाचतील का?" आजोबांनी विचारले. मागून पातळ कागद खळीने चिकटवून पान सावरता येईल, पण गेलेला मजकूर आम्ही नव्याने लिहीत नाही, असे मी सांगितले. त्यांनी डोळे मिटून "ऐसीं अक्षरें रसिकें । मेळवीन" असे संथपणे म्हटले. मी भोकाची रुंदी पाहिली. 'अक्षरें रसिकें' ही सहा अक्षरे तिथे बरोबर बसत होती.

मग त्यांची नजर शेऱ्यावर गेली. "अक्षर म्हणजे जे क्षरत नाही ते. आठव्या अध्यायात ब्रह्मालाच अक्षर म्हटलंय. ते नष्ट कसं होईल? कागद गेला म्हणा."

मला ते पटले नाही. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे शुद्धीकरण एकनाथांना शके 1506 मध्ये करावे लागले ते मधल्या 294 वर्षांत पाठ बिघडले म्हणूनच. तोंडपाठ असलेलेही बदलतेच, असे मी म्हटले.

"बिघडलं हे नाथांना कशावरून कळलं?" आजोबा म्हणाले. "न बिघडलेलं काहीतरी होतं म्हणूनच ना?"

आम्ही हस्तलिखितांची माणसे याला मूळ संहिता म्हणतो आणि ती कधी हाती लागेल याची खात्री देत नाही. आजोबांना तशी खात्री नकोच होती. पोथी ठेवून घेतल्याची पावती त्यांनी कपाळाला लावली आणि ते गेले.

संध्याकाळी मी तो शेरा खोडून त्याखाली लिहिले : 'कागद नष्ट, सहा अक्षरांची जागा.'