पहाटे पाच वाजता, अंधाऱ्या चर्चमध्ये

ईस्टरच्या रविवारी पहाटे साडेचारला शेजारच्या आजींनी दार वाजवलं. हातात दोन बारीक मेणबत्त्या होत्या. "जाड मोजे घाल गं, चर्चची फरशी गार असते," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी मागोमाग. जर्मनीत येऊन सहा वर्षं झाली, पण ओस्टरनाख्ट, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला ती ईस्टरची रात्र, मी कधी पाहिली नव्हती. आपल्याकडे ख्रिश्चनांचा सण म्हटला की नाताळच डोळ्यांसमोर येतो. आजींच्या लेखी मात्र वर्षातली सगळ्यात मोठी रात्र हीच.

ईस्टरची तारीख दर वर्षी बदलते, आणि ती ठरते चंद्रावरून : वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा पहिला रविवार. पंचांग बघत वाढलेल्या मला हे फार जवळचं वाटलं.

चर्चच्या आवारात लाकडं पेटवली होती. त्या जाळावरून पाद्रीबाबा एक भलीमोठी मेणबत्ती पेटवणार होते. तिला इथे ओस्टरकेर्त्से, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती, म्हणतात. मी अगदी पुढे उभी होते म्हणून नीट बघता आलं. मेणावर क्रूस, वर ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर, खाली शेवटचं, आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू वर्षाचे चार आकडे. त्या क्रूसात त्यांनी धुपाचे पाच खडे खोचले. येशूच्या पाच जखमांचे. जखमा आधी, ज्योत नंतर.

आत चर्च काळंकुट्ट. गुरुवारच्या रात्रीपासून वेदीवरची वस्त्रं काढलेली, एरवी अखंड तेवणारा लाल दिवासुद्धा विझलेला. आपण तिन्हीसांजेला अंधार पडायच्या आत दिवा लावतो. इथे माणसं मुद्दाम अंधारात येऊन थांबली होती. दारात मेणबत्ती उंच धरून डीकननी, म्हणजे पाद्रीबाबांच्या हाताखालच्या धर्मसेवकांनी, गायलं, "लुमेन क्रिस्ती", ख्रिस्ताचा प्रकाश. सगळे म्हणाले, "देओ ग्रातियास", देवाचे आभार. असं तीनदा, दर वेळी थोडं पुढे जाऊन. दुसऱ्यांदा गाऊन झाल्यावर मोठ्या ज्योतीवरून एकानं आपली मेणबत्ती लावली, त्याच्यावरून दुसऱ्यानं, आणि बाकाबाकांतून ज्योत मागे सरकत आली. आजींनी माझी लावून दिली. त्या क्षणी मला त्यांचा चेहरा दिसला. तोवर नुसता खोकला ऐकू येत होता.

मग डीकननी एक्सुल्तेत हे प्राचीन स्तोत्र गायलं. त्यात म्हटलंय की ही ज्योत कितीही वाटली तरी कमी होत नाही. आणि त्यातच मधमाश्यांची आठवण काढली आहे, कारण मेण त्यांचं! एवढ्या मोठ्या रात्री मधमाशीच्या कष्टांना जागा देणारा तो कोण कवी असेल, त्याला माझा नमस्कार.

पहिलं वाचन उत्पत्तीचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकातलं. "प्रकाश होवो." गंमत अशी की प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य-चंद्र चौथ्या. म्हणजे इथला प्रकाश सूर्याच्या आधीचा. येशूची कथा सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातही तिथूनच होते. प्रकाश अंधारात प्रकाशतो, असं योहान लिहितो, आणि पुढे अंधाराबद्दल जे ग्रीक क्रियापद येतं त्याचे दोन अर्थ होतात : अंधाराला तो कळला नाही, आणि अंधाराला तो धरता आला नाही. इंग्रजी आणि जर्मन भाषांतरांत बरेचदा यातला एकच अर्थ पुढे येतो. घरी येऊन मी बराच वेळ विचार केला आणि मग लख्खकन सुचलं, आपल्याकडे दोन्ही अर्थांचा शब्द आहे की, आकळणे! अंधाराला तो आकळला नाही. ज्ञानोबांच्या भाषेत हे वाक्य जितकं पूर्ण उमटतं तितकं मला दुसऱ्या कुठल्याच भाषेत भेटलेलं नाही.

"मी जगाचा प्रकाश आहे" हे येशूचं वाक्य मला माहीत होतं. "तुम्ही जगाचा प्रकाश आहात" हेही तोच म्हणतो, आणि तेसुद्धा डोंगरावर जमलेल्या साध्या माणसांना, हे आजींमुळे कळलं. दिवा मापाखाली झाकत नाहीत, दिवठणीवर ठेवतात, असं मराठी बायबलमध्ये पुढे आहे. दिवठणी! माझ्या स्वतःच्या आजीच्या माजघरात सोडून हा शब्द मी कुठे ऐकला नव्हता.

त्या पहाटे एका तान्ह्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. तिच्या नावाची मेणबत्ती त्याच मोठ्या ज्योतीवरून लावून वडिलांच्या हातात दिली. सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्याला 'उजळणं' असंच म्हणत. आणि हीच मोठी मेणबत्ती अंत्यविधीच्या वेळी शवपेटीपाशी लावतात. दोन वर्षांपूर्वी आजोबा, म्हणजे आजींचे यजमान, गेले तेव्हा ती तिथे होती. मीही होते, पण तेव्हा मला ती नुसती एक मोठी मेणबत्ती वाटली होती.

बाहेर पडलो तेव्हा उजाडत होतं. आजींनी आपली ज्योत एका छोट्या कंदिलात घेतली होती. घराकडे न वळता त्या दफनभूमीकडे वळल्या. आजोबांच्या थडग्यावर लाल काचेचा दिवा असतो, तो विझला होता. वारा सुटलेला, आजींचे हात थरथरत होते, पहिल्यांदा ज्योत लागलीच नाही. मी दोन्ही हातांचा आडोसा केला. दुसऱ्यांदा वात धरली. आजींनी झाकण लावलं, काच रुमालानं पुसली आणि हळूच म्हणाल्या, "फ्रोहे ओस्टर्न." ईस्टरच्या शुभेच्छा. ते मला होतं की आजोबांना, मी विचारलं नाही.