ओम्नीचं स्टेअरिंग बदलताना

समुद्राकाठी गाडीचा पत्रा आधी जातो, असं म्हणतात. माझ्या ओम्नीचा पत्रा शाबूत राहिला आणि स्टेअरिंग गेलं. देवगडच्या दमट हवेत आणि उन्हात रिमवरचं आवरण चिकट झालं होतं. आंब्याच्या पेट्या पोचवून घरी आलो की तळहात काळे, शर्टाला डाग. पुढे एका जागी भेग पडली आणि आतली लोखंडी कडी गंजलेली दिसली. मग बदलायचं ठरवलं.

कव्हर घाल, हा सल्ला ज्याने त्याने दिला. मला तो पटला नाही. चिकट रिमवर ओढून बसवलेलं कव्हर कधी सरकेल याचा नेम नाही. ऐन वळणावर हातात कव्हर फिरलं आणि स्टेअरिंगचं चाक जागच्या जागी राहिलं तर? शिवाय पावसाळ्यात आत ओल मुरते ती वेगळीच.

कणकवलीत एका दुकानात लहान, जाडजूड रिमचं स्पोर्ट्‌स स्टेअरिंग दाखवलं. दिसायला झक्कास. पण ते थेट बसत नाही, मध्ये 'बॉस किट' लागतं. एका बाजूला गाडीच्या शाफ्टचे, म्हणजे स्टेअरिंग ज्या दांड्यावर बसतं त्याचे, दाते जुळायला हवेत, दुसऱ्या बाजूला चाकाची सहा भोकं. मोमो कंपनीच्या चाकाची भोकं ७० मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, नार्डी कंपनीच्या चाकाची ७४ च्या, त्यामुळे एकाचं किट दुसऱ्याला चालेलच असं नाही. त्यात किटच्या जाडीमुळे चाक तेवढं अंगाकडे येतं. ओम्नीत आधीच पोट आणि स्टेअरिंग यांची शेजारधर्माची ओळख आहे!

पण खरी मेख व्यासात होती. माझ्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही. चाक जितकं लहान, तितका हाताला जोर जास्त. समजा ३८ सेंटीमीटरचं काढून ३२ चं घातलं, तर त्याच वळणाला जवळपास १९ टक्के जास्त ताकद लागणार. हायवेवर हे जाणवतही नाही. जाणवतं ते वाडीतल्या गडग्यांमधून भरलेली गाडी मागे घेताना आणि फोंडा घाटात. मिस्त्रींनी हिशोब वगैरे केला नाही. चाक हातात घेऊन एवढंच म्हणाले, "ह्या घातलंस तर घाटात खांदे उतरतले तुझे."

मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग भरपूर मिळतात, पण अपघातातल्या गाडीचं चाक वाकलेलं आहे का हे नुसतं बघून मला कळणार नव्हतं. शेवटी मूळच्याच मापाचं कंपनीचं चाक मागवलं. पार्टच्या दुकानात जुन्याचा फोटो नेला नाही, जुनं चाकच काढून नेलं आणि दोन्हींचे दाते शेजारी ठेवून जुळवले.

काढण्याचं काम बघण्यासारखं होतं. पुढची चाकं सरळ केली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, हॉर्नचं झाकण उचकटलं. शाफ्ट आणि चाक यांवर एका रेषेत खडूची खूण केली. गोटी पान्याने मधला नट सैल केला, पण पूर्ण काढला नाही, दोन-तीन आट्यांवर ठेवला. मी कारण विचारलं. पुलर, म्हणजे चाक ओढून काढायचं हत्यार, लावल्यावर चाक झटक्यात सुटतं, नट नसेल तर थेट तोंडावर! हातोडा त्यांनी हातातही धरला नाही. शाफ्टवर ठोकलं की आतल्या बेअरिंगची वाट लागते.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाडीचं. आपल्याकडे जुलै २०१९ पासून नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे. अशा गाडीत स्टेअरिंगमध्येच एअरबॅग आणि मागे क्लॉक स्प्रिंग असते, म्हणजे चाक फिरलं तरी एअरबॅगची वायर जोडलेली ठेवणारी गुंडाळी. तिथे एअरबॅग काढून शोभेचं चाक बसवणं मला शुद्ध वेडेपणा वाटतो, आणि घरच्या घरी पाना लावणं तर त्याहून.

नवं चाक बसल्यावर आरे किंचित डावीकडे कललेले दिसले. मिस्त्रींनी चाक एक दाता सरकवून बसवायला साफ नकार दिला आणि आधी अलाइनमेंटला पाठवलं. तिथे टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं वळवणारे दांडे, सारखे केल्यावर आरे सरळ झाले. हॉर्नच्या कॉन्टॅक्टवरचा हिरवट थरही याच कामात खरवडून निघाला, त्यामुळे आता दाबला की पहिल्या दाबाला वाजतो.