ट्रेमध्ये जागा उरली म्हणून पाइप टाकू नका

व्हीआरएफ एसीच्या (एका आउटडोअर युनिटवर अनेक इनडोअर युनिट) कामात हे हमखास दिसतं: गच्चीवरच्या जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या केबल ट्रेमध्ये इन्सुलेशन चढवलेले तांब्याचे पाइप, त्यांना टेपने बांधलेली आउटडोअर युनिटची पॉवर केबल आणि शेजारी पीव्हीसीचा ड्रेन. आपल्याकडे ही सवय मुरलेली आहे. अमेरिकेतल्या साइटचं ड्रॉइंग काढताना मात्र ती घरीच ठेवा.

तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं (वीजजोडणीच्या नियमावलीचं) कलम ३००.८ अगदी छोटं आहे. ज्या ट्रेमध्ये किंवा रेसवेमध्ये (वायरी नेण्याच्या बंद नळीत किंवा खोक्यात) विजेच्या वायरी आहेत, त्यात वाफ, पाणी, हवा, गॅस, ड्रेनेज किंवा विजेखेरीज कुठल्याही सेवेचा पाइप किंवा नळी चालत नाही. रेफ्रिजरंटचं नाव यादीत नाही, पण ‘कुठल्याही सेवेत’ तो आलाच. इन्स्ट्रुमेंट एअरची, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या दाबाच्या हवेची ६ मिमी नळीसुद्धा आली.

मधे पत्र्याचा डिव्हायडर टाकला तर? नाही. वेगवेगळ्या व्होल्टेजच्या केबल एका ट्रेमध्ये ठेवायला कलम ३९२ डिव्हायडर मान्य करतं, पाइपसाठी ३००.८ मध्ये अशी पळवाट नाही.

आणि ते योग्यच आहे. सपोर्टपाशी इन्सुलेशन दाबलं जातं, फाटतं, तिथे पाइपला घाम सुटतो. ते पाणी केबलच्या अंगावरून उताराने थेट ग्लँडपर्यंत (केबल युनिटमध्ये शिरते तिथल्या सीलपर्यंत) जातं. गळती निघाली की मेकॅनिक ब्रेझिंगचा टॉर्च त्याच ट्रेमध्ये घालतो. वाफेची लाइन असेल तर उष्णतेचा हिशेब वेगळाच: कोडच्या तक्त्यात भोवती ३० अंश असताना १०० अँपिअर धरलेली, ७५ अंशांपर्यंत चालणारी वायर ४६ ते ५० अंशांच्या भोवतालात ७५ अँपिअरचीच उरते.

हँगर मात्र सामाईक चालतो, कारण नियम ट्रेच्या आतल्या गोष्टींबद्दल आहे. ट्रे हँगरच्या वरच्या आडव्या पट्टीवर, पाण्याचा पाइप खालच्या पट्टीवर. रॉड निवडताना वजन धरा: १०० मिमी शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा एक वर्ग) स्टील पाइप पाण्यासह मीटरला सुमारे २४ किलो, म्हणजे ३ मीटर अंतरावरच्या प्रत्येक हँगरवर ७२ किलोंची भर. ट्रेच्या बाहेरच्या कडेला नळी क्लॅम्प करायचा मोह होतो. माझ्या मते टाळा. खाली स्वतंत्र स्ट्रट (आधाराची लोखंडी पट्टी) द्या.

ऑप्टिकल फायबरला हे कलम लावू नका, त्याचा नियम कलम ७७० मध्ये आहे. पूर्ण अधातू फायबर पॉवर केबलसोबत चालते. आत स्टीलची तार असेल तर साधारणपणे नाही.

चालू साइटवर चूक सापडली तर आधी केबल हलवा. पाइप हलवायचे म्हणजे गॅस काढा, कापा, ब्रेझिंग करा, पुन्हा व्हॅक्यूम. केबल स्वतंत्र कंड्युटमध्ये (वायरीच्या नळीत), स्वतंत्र सपोर्टवर नेली की उरलेला ट्रे हा नुसता पाइपचा आधार. कंट्रोल वायरही सोबत काढा, ती हमखास मागे राहते.