लेकीसोबत नऊ दिवस वॉर्डात – माझा अनुभव

मी मूळची ठाण्याची, त्यामुळे कुणी जरा विचित्र वागलं की "ह्याला ठाण्याला पाठवा" हा जोक लहानपणापासून ऐकलाय, हसलेय पण. ते 1901 सालचं मेंटल हॉस्पिटल आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की जुलैमध्ये वाशीच्या डॉक्टरांनी माझ्या पंधरा वर्षांच्या लेकीला "ॲडमिट करूया" म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेचना.

दहावीचं वर्ष, जेवण कमी झालेलं, डान्स क्लास सोडलेला, रात्र रात्र जागी, आणि आम्ही सगळं खापर मोबाईलवर फोडत होतो. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळून मोकळ्या. मग एका रात्री ती म्हणाली, आई मला जगायचंच नाहीये. शांतपणे म्हणाली, तेच जास्त भीतीदायक होतं. रात्री एकला 14416 ला फोन लावला (टेलिमानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात). त्यांनी सांगितलं तिला एकटं सोडू नका, उद्याच सायकिॲट्रिस्टकडे न्या.

ॲडमिशनचं मला काहीच माहीत नव्हतं म्हणून नीट लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलांना नुसतं एका डॉक्टरच्या सहीवर ठेवून घेत नाहीत, सायकिॲट्रिस्टशिवाय अजून एका तज्ज्ञाने किंवा डॉक्टरने वेगळं तपासावं लागतं, मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवावं लागतं आणि 72 तासांत बोर्डाला (दहावीचं नव्हे, ह्याच कायद्याखालचं मानसिक आरोग्य मंडळ) कळवावं लागतं. घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत हवंच, मुलगी असेल तर बाईमाणूस. म्हणजे मीच. ह्यांनी ऐरोलीहून डबा आणायचा असं ठरलं. "शॉक देणार का हो?" हे मी तीनदा विचारलं असेल. पालकांची संमती आणि बोर्डाची परवानगी असल्याशिवाय लहान मुलांना देताच येत नाही, हे ऐकलं तेव्हा कुठे फॉर्मवर सही केली. सिस्टरने बॅग तपासली, चार्जर काढून घेतला, लोणच्याची काचेची बरणी ह्यांच्या हातात परत.

वॉर्डात अजून चार मुलं होती, एकही माझ्या कल्पनेतलं "वेडं" नाही. एक मुलगी वजन वाढेल म्हणून जेवत नव्हती, एक मुलगा शाळेचं नाव काढलं तरी थरथरायचा. डॉक्टर म्हणाले की पूर्वी त्यांच्याकडे जास्त करून परीक्षेच्या आधी बेशुद्ध पडणारी, फिट आल्यासारखं होणारी, "अंगात आलंय" म्हणून आणलेली मुलं यायची, आता डिप्रेशन आणि स्वतःला इजा करून घेणारी जास्त. रात्री झोप नसायची तेव्हा वाचत बसायचे, तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे आकडे सापडले, 2009 मध्ये मानसिक आजारासाठी भरती झालेल्या मुलांत आत्महत्येचे विचार, प्रयत्न किंवा स्वतःला इजा असलेली साधारण 31 टक्के होती, 2019 मध्ये 64. म्हणजे कोविडच्या आधीच दुप्पट, आणि आपण सगळं लॉकडाऊनवर ढकलतो.

औषध सुरू केल्यावर लगेच फरक पडेल अशी माझी आशा होती, तसं नसतं, दोन-चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला उलट जास्त लक्ष ठेवावं लागतं. पाचव्या दिवशी ती माझ्याशी पत्ते खेळली, मी मुद्दाम हरले, तिच्या ते लक्षात आलं आणि ती वैतागली. मला इतकं बरं वाटलं ना!

विमा कंपनीने कॅशलेस मात्र नाकारलं, "सायकिॲट्रिक आहे, बसत नाही" म्हणे. सगळं बिल खिशातून भरलं आणि मग त्याच 2017 च्या कायद्यातलं कलम 21(4), मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा, आणि इर्डाचं (विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट 2018 चं परिपत्रक जोडून तक्रार केली. फोनवर भांडू नका, लेखीच पाठवा. ऑक्टोबरमध्ये पैसे आले.

आता गोळ्या माझ्या कपाटात कुलुपात असतात, दर पंधरा दिवसांनी शनिवारी वाशीला डॉक्टरांकडे. घटक चाचणी बुडाली, सहामाही दिली. गणितात 41 पडले तर सासूबाईंनी पेढे आणले.